मळणी यंत्राजवळचे धडे

४ मार्च १९६६ रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. तो दिवस १९७२ पासून राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. मुंबईत शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेसारख्या ठिकाणी कामगारांना जिवाची काळजी घ्यायला शिकवण्यात कित्येक प्रशिक्षकांनी उमेदीची वर्षं घातली. जो अपघात टळला त्याची नोंद कुठंच होत नाही, म्हणून त्यांचं काम दिसतही नाही. माझ्या मते, सत्काराचा पहिला मान अशांचा.

आपल्या ताडकळस गावाच्या शिवारात सोयाबीन निघालं की मळणी यंत्र हाच आपला कारखाना. हात तुटतात ते बहुधा पेंढी आत ढकलताना. हे अपघात टाळण्यासाठीच १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांचा कायदा झाला. भारतीय मानकानुसार पेंढी सरकवायचं पन्हाळं किमान ९० सेंटिमीटर लांब हवं आणि त्यातलं निदान ४५ सेंटिमीटर वरून झाकलेलं हवं. एवढ्या अंतरामुळं हात दात्यांपर्यंत पोचत नाही. यंत्र भाड्यानं आणताना हे मापून घ्या. पट्ट्यावर जाळी आहे का, तेही बघा.

पदराचा, ओढणीचा, रुमालाचा सोगा खोचून घ्या. सैल बाह्या, हातातलं कडं नको. अडकलेली पेंढी यंत्र पूर्ण थांबल्यावरच काढा. दारू पिऊन किंवा झोपेच्या भरात कुणाला यंत्रावर उभं करू नका. आणि गावात कुणी हे शिकवायला आलं, तर मजुरांना तासभर सुट्टी द्या, मजुरी न कापता.