चौकीची पायरी

(मंडळाच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचं शब्दांकन)



समितीने मला विषय दिला, ‘पोलिसांवर देखरेख आणि आपण’. दिवाळीच्या तोंडावर चकली-चिवडा सोडून हा विषय ऐकायला तुम्ही आलात, त्याबद्दल आधी आभार! शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पोलीस चौकीची पायरी तर कोर्टाच्याही आधी लागते. चढायची वेळ येऊ नये हे ठीकच. पण ती आलीच, आणि तक्रार पोलिसाबद्दलच असली, तर जायचं कुठे? आणि अशी जागा असली, तरी लोक तिथे जातात का? मला आज एवढंच बोलायचं आहे.

माझा या कामाशी संबंध आला मुंबईत. १९९२-९३ च्या दंगलींत मुंबईत सुमारे नऊशे माणसं गेली. लोकांचा पोलिसांवरचा विश्वासही तेव्हा पार उडाला होता. १९९४ मध्ये तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी, निवृत्त अधिकारी ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे अशा मंडळींनी मोहल्ला समित्यांची चळवळ उभी केली. समाजकार्याचं शिक्षण घेतलेली मी त्यातली एक साधी कार्यकर्ती. माझं काम काय, तर सतरंजी घालायची, चहा सांगायचा आणि वही लिहायची.

त्या वहीबद्दल थोडं सांगते. पानाच्या मध्ये उभी रेघ. डावीकडे लोक काय म्हणाले ते. ‘गल्लीत रात्री गस्त येत नाही’, ‘पोराला चौकशीला नेलं, घरी कळवलं नाही’, ‘तक्रार लिहून घेत नाहीत’. उजवीकडे त्याचं पुढे काय झालं ते. पुढची बैठक उजवी बाजू वाचूनच सुरू व्हायची. ती भरलेली असली की लोक वाढायचे, कोरी राहिली की घटायचे. ‘तुमची मागणी मान्य’ असं दर वेळी लिहावं लागायचं असंही नाही. ‘हे होणार नाही, कारण असं असं’ एवढं लिहिलेलं लोकांना पुरायचं. चालायची नाही ती फक्त कोरी जागा!

या पद्धतीचं मूळ मात्र मुंबईचं नव्हे, भिवंडीचं. यंत्रमागांचं हे गाव १९७० च्या मे महिन्यात पेटलं, पुन्हा १९८४ च्या मे महिन्यात पेटलं. दुसऱ्या वेळी भिवंडी, ठाणे, मुंबई मिळून दोनशेहून अधिक बळी गेले. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे उपायुक्त म्हणून आले. त्यांनी सत्तरच्या आसपास मोहल्ला समित्या केल्या, आणि त्यांत पुढाऱ्यांऐवजी विणकर, रिक्षावाले, दुकानदार अशी रोजची माणसं घेतली, हिंदूही आणि मुसलमानही. त्यांच्याबरोबर बसायला त्या भागातला नेहमीचा पोलीस. शांततेच्या दिवसांत नळ, गटार, भांडणं यांवर बोलून बोलून माणसं एकमेकांना नावाने ओळखू लागली. १९९२ च्या डिसेंबरात आणि ९३ च्या जानेवारीत तास-दीड तासावरची मुंबई जळत होती, तेव्हा दंगलीचं गाव म्हणून बदनाम झालेली भिवंडी शांत राहिली.

पण गोष्ट इथे संपवली तर ती खोटी होईल. ५ जुलै २००६ ला याच भिवंडीत, कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणं बांधण्यावरून वाद चिघळला. गोळीबारात दोन नागरिक गेले, जमावाच्या हातून दोन पोलीस मारले गेले. समित्या तोवर पूर्वीसारख्या उरल्या नव्हत्या, असं तेव्हा अनेकांनी लिहिलं. संवाद म्हणजे एकदा बांधली आणि झालं अशी इमारत नाही हो, तो रोजचा केर काढण्यासारखा आहे. चार दिवस थांबलं की धूळ साठतेच.

आता आपल्या या सिंगापूरकडे येते. तुम्ही म्हणाल, इथे काय सगळं चोख! पण हा चोखपणा काही आभाळातून पडलेला नाही. ऑक्टोबर १९५१ मध्ये पुंगोलच्या किनाऱ्यावर १८०० पौंड चोरटी अफू लुटली गेली, आणि लुटणाऱ्यांत चक्क पोलिसांतलेच गुप्तहेर निघाले. लाचलुचपतीचा तपास करणारी शाखा त्या वेळी पोलीस दलातच होती. म्हणजे सहकाऱ्याची चौकशी सहकाऱ्यानेच करायची! ते जमणार नाही हे तेव्हाच्या ब्रिटिश सरकारलाही कळलं, आणि १९५२ मध्ये सीपीआयबी ही स्वतंत्र तपास संस्था निघाली. आज ती पंतप्रधान कार्यालयाच्या अखत्यारीत आहे.

संस्था निघाली, पण सुरुवातीला लोक पुढे येईनात. हे काही करतील यावर विश्वास नव्हता, वर आपल्यावर सूड उगवला जाईल ही भीती. १९६० च्या कायद्याने संस्थेला दात दिले आणि मोठे मासे गळाला लागू लागले, तसा विश्वास वाढला. त्यानंतरही या संस्थेला लोकांकडे जावंसं वाटलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. जून २०१७ मध्ये तिने व्हिटली रोडवर, मुख्य कार्यालयापासून वेगळं, तक्रार नोंदवण्याचं आणि इतिहास दाखवण्याचं केंद्र उघडलं. एरवी पोलिसांच्या वागणुकीबद्दल तक्रार असली, तर इथे ती दलाचाच अंतर्गत विभाग तपासतो. न्यूयॉर्कमध्ये तक्रारी पाहणारं मंडळ १९९३ पासून पूर्णपणे नागरिकांचं आहे. शाळांत, वाचनालयांत, वस्त्यांत जाऊन ‘तुमचा हक्क काय, तक्रार कशी करायची’ हे सांगायला त्याच्याकडे पगारी माणसं आहेत. आम्ही सतरंजीवर करत होतो तेच काम!

पोलिसांनी लोकांत जाण्याची सुरुवात इथे झाली १ जून १९८३ ला. जपानी ‘कोबान’च्या धर्तीवर तोआ पायोमध्ये पहिली शेजार-चौकी निघाली. जिथे लोक राहतात, भाजी घेतात, तिथेच पोलीस. पुढे १९९७ पासून मोठी केंद्रं आली, आणि आता कित्येक चौक्यांत तक्रार यंत्रावर नोंदवता येते. सोय झाली खरी, पण यंत्र काही ‘काय काकू, बरं आहे ना?’ असं विचारत नाही!

ओळख नसली की काय होतं, ते ८ डिसेंबर २०१३ च्या रात्री लिटल इंडियात दिसलं. बसखाली सापडून एक भारतीय कामगार गेला आणि जमाव खवळला. दंगल दोनेक तासांत आटोक्यात आली, पोलिसांनी एकही गोळी झाडली नाही. सरकारने चौकशी समिती नेमली, तिचं कामकाज उघडपणे चाललं आणि २०१४ च्या मध्याला अहवाल प्रसिद्ध झाला. दारूचा भाग त्यात होताच. पण दुसरं एक कारणही समितीने मांडलं, ते म्हणजे गैरसमज. मदतीला आलेले लोक अपघातात सापडलेल्याला सोडून बसवाल्यांनाच वाचवताहेत, असं जमावाला वाटलं. वर्दीतला माणूस काय करतोय हे कळलं नाही, आणि जे कळलं नाही ते वाईटच असणार असं धरलं गेलं.

आपल्या महाराष्ट्रात काय आहे? २२ सप्टेंबर २००६ ला प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की प्रत्येक राज्यात पोलीस तक्रार प्राधिकरण हवं. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायद्यात तशी दुरुस्ती केली. कोठडीतला मृत्यू, गंभीर इजा, नियम मोडून केलेली अटक, खंडणी, जमीन बळकावणं, अशा तक्रारी तिथे नेता येतात. अध्यक्ष उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. आता तुमच्यातल्या किती जणांनी या प्राधिकरणाचं नाव ऐकलंय? हात वर करा बघू... तीन! सभागृहात शंभरेक माणसं आहोत, आणि तीही शिकली-सवरलेली. मग गडचिरोलीच्या पाड्यावर ते कोण सांगणार?

शेवटी इथलाच एक अनुभव सांगते. गोदीत काम करणारा एक मराठी मुलगा माझ्या ओळखीचा झाला. रस्त्यात कागद तपासताना कुणी त्याच्याशी ज्या भाषेत बोललं, ते त्याला फार लागलं होतं. मी म्हटलं, लिहून कळव. तर म्हणाला, “मावशी, माझा पास रद्द झाला तर?” खोटी तक्रार हा इथे गुन्हा आहे, पण खरी तक्रार हा गुन्हा नाही, एवढंच त्याला समजावायला तीन रविवार गेले. मग आम्ही मिळून पत्र लिहिलं. काही आठवड्यांनी एका अधिकाऱ्याने त्याला बोलावून शांतपणे ऐकून घेतलं, तपासणी का झाली ते सांगितलं, आणि बोलणं नीट असायला हवं होतं हेही मान्य केलं. त्याला तेवढंच हवं होतं. पुढे त्याच्या खोलीतल्या मित्राला फोनवरून कुणी फसवलं, तेव्हा त्याला घेऊन हाच मुलगा चौकीत गेला. ज्याचं गाऱ्हाणं ऐकलं गेलं, तोच पुढे मदतीला येतो. यात पोलिसांचाही फायदाच नाही का?

म्हणून माझं मागणं मोठं नाही. आपल्या मंडळात मराठी, तमीळ, हिंदी, इंग्रजी येणारे इतके जण आहेत. महिन्यातून एक रविवार चार जणांनी द्यावा. ज्याला पत्र लिहिता येत नाही त्याला लिहून द्यावं, ज्याला एकट्याने जायची भीती वाटते त्याच्याबरोबर जावं. पोलिसांची बाजूही त्याला नीट समजावून सांगावी, कारण आपण कुणाचे वकील नाही. आणि एक वही घ्यावी, मध्ये उभी रेघ मारलेली. उजवी बाजू कोरी राहणार नाही एवढं फक्त बघावं.

मेळावा संपल्यावर मी चहाच्या टेबलापाशी थांबते. नावं द्यायला जरूर या. तुम्हा सर्वांना दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा!