दुसरं जळगाव आणि निहाली भाषा

कानात हेडफोन आहेत ना? मग एक प्रश्न. जळगाव म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? केळी, सोनं, भरीत. पण आज आपण दुसऱ्या जळगावला जाणार आहोत. बुलढाणा जिल्ह्यातलं जळगाव जामोद. आपल्या खान्देशाच्या पूर्वेला, सातपुड्याच्या पायथ्याशी.

या तालुक्यात जामोद, सोनबर्डी, चालठाणा अशा काही गावांत निहाली बोलली जाते. बोलणारे किती? साधारण दोन ते अडीच हजार. एखाद्या मोठ्या कॉलेजची पोरं मोजा, तेवढेच!

गंमत पुढे आहे. मराठी, हिंदी एका कुळातल्या. शेजारची कोरकू मुंडा कुळातली. तेलुगू, कन्नड द्राविडी. निहाली यातल्या कुठल्याच घरात बसत नाही. डोळ्याला 'जिकी', विस्तवाला 'आपो'. कुइपर नावाच्या डच अभ्यासकांनी 1962 साली तिच्यावर पुस्तक लिहिलं. कोरकू, मराठी, द्राविडी असे उसने शब्द बाजूला काढले, तरी साधारण पाव शब्द उरले, ज्यांचं नातं कुठेच लागेना. म्हणजे आपल्या सगळ्या भाषांच्या आधीचं काहीतरी इथे शिल्लक असू शकतं.

पापुआ न्यू गिनीत 800 हून जास्त भाषा आहेत, त्यावर आपण व्हिडिओ बघतो. आणि ही तर एका एसटीच्या अंतरावर!

पण जनगणनेच्या तक्त्यात निहाली दिसत नाही. दहा हजारांपेक्षा कमी बोलणारे असले की भाषेचं नाव वेगळं छापत नाहीत, 'इतर'मध्ये जातं. बाजारात मराठी, शेजाऱ्यांशी कोरकू, शाळेत मराठी. मग पोरांनी निहाली बोलायची कुणाशी?

आता आपलं बघा. 2011 च्या जनगणनेत 'खान्देशी' बोलणारे 18 लाखांच्या वर. आकडा भक्कम. पण माझी आजी फोनवर विचारते, "काय चाली ऱ्हायनं बेटा?" आणि मी पुण्यात मित्रांसमोर असलो की उत्तर देतो, "काही नाही गं, ठीक आहे." प्रमाण मराठीत. लाज वाटते म्हणून. खरं सांगतो.

भाषा मरते ती आकडा कमी झाल्यावर नाही. नातवानं उत्तर बदललं, त्या दिवशी सुरुवात होते.

म्हणून आजचं काम सोपं आहे. हा एपिसोड संपला की घरी फोन लावा. आजी ज्या बोलीत विचारेल, त्याच बोलीत उत्तर द्या. चुकलात तर ती हसेल. हसू द्या. आणि जमलं तर ते बोलणं रेकॉर्ड करून ठेवा.

चला, भेटू पुढच्या भागात!