तान्ह्या बाळाच्या त्वचेवरील बुरशी
(कोलशेत येथील ज्ञातिमेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आपले कोलशेत खाडीकाठचे. आषाढ-श्रावणात येथे दोरीवरची दुपटी लवकर वाळत नाहीत, आणि मग दमट दुपट्यातच बाळाला गुंडाळले जाते. माझा विषय तेथूनच सुरू होतो.

कँडिडा नावाची बुरशी पुष्कळ निरोगी माणसांच्या तोंडात व आतड्यांत निमूटपणे नांदत असते. प्रसूतीच्या वेळी ती आईकडून बाळाकडे येऊ शकते. ऊब व ओल मिळाली की ती फोफावते, आणि लंगोटात दोन्ही असतात. साध्या ओलीचा दाह लंगोट घासतो तेथे उमटतो. जांघेच्या वळ्या बहुधा वाचतात. बुरशी मात्र वळीतच शिरते. कातडी लालभडक होते व कडेने बारीक पुटकुळ्या विखुरतात. एवढी खूण आजीबाईंनी ध्यानात ठेवली तरी पुष्कळ झाले. गालांच्या आतही पाहावे. तेथील पांढरे चट्टे दुधाच्या थरासारखे सहज पुसले जात नाहीत.

आता थोडे कठोर बोलतो. एका घरी काकांच्या नायट्याचे मलम एकवीस दिवसांच्या बाळाला लावलेले मी पाहिले. तीन दिवसांत लाली उतरली, घरच्यांना हायसे वाटले. आठवड्याने ती मांड्यांपर्यंत पसरली. अशा कित्येक मलमांत बुरशीच्या औषधाबरोबर क्लोबेटासोलसारखे तीव्र स्टिरॉइड मिसळलेले असते. ते लाली दडपते, बुरशीला मोकळे रान देते आणि लंगोटाखालच्या कोवळ्या कातडीतून शरीरात शोषले जाते. २०१८ साली केंद्र सरकारने अनेक स्टिरॉइड मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीचे बंधन घातले. परंतु कपाटात उरलेल्या नळीला कसले बंधन?

वास्तविक उपाय साधा आहे. १९५० साली हेझन व ब्राऊन या दोन अमेरिकन विदुषींनी निस्टॅटिन शोधले. ते किंवा क्लोट्रिमॅझोल डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे लावावे. लंगोट वारंवार बदलावा, दुपट्यांवर इस्त्री फिरवावी, बाळाला काही वेळ उघडे ठेवावे. पावडर मुळीच नको; ती श्वासावाटे छातीत जाते. अंगावर पाजणे थांबवू नये; मात्र तोंडात चट्टे असतील तर आईलाही तपासून घ्यावे.

मूल अपुऱ्या दिवसांचे असेल, पुरळ जन्मतःच किंवा पहिल्या काही दिवसांत उठले असेल, अथवा ताप येऊन ते दूध सोडून मलूल पडले असेल, तर मलमाचा विचारही करू नये. रात्र असली तरी त्याच रात्री रुग्णालय गाठावे.