आरसा हवा की आधार? इस्रायलच्या संसदेचा धडा

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित अंश)



जानेवारी १९४९ मध्ये दोन नवस्वतंत्र राष्ट्रे एकाच प्रश्नाला सामोरी जात होती. दिल्लीत आपली घटना समिती लोकसभेच्या निवडणूक पद्धतीवर विचार करीत होती आणि २५ जानेवारीस इस्रायलचे नागरिक आपल्या पहिल्या निवडणुकीत मतदान करीत होते. प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची सूचना आपल्याकडेही आली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती अमान्य केली. या पद्धतीसाठी साक्षर मतदार हवा आणि तिच्यामुळे सभागृहाचे लहान लहान गटांत तुकडे पडून सरकार अस्थिर होते, असे त्यांचे म्हणणे होते. इस्रायलने तीच पद्धत स्वीकारली. म्हणून तेथील अनुभव आपण अभ्यासला पाहिजे.

इस्रायलच्या संसदेला क्नेसेट म्हणतात. सदस्य १२०. बाबिलोनच्या वनवासातून परतलेल्या ज्यूंच्या 'महासभे'चे सदस्य परंपरेनुसार १२० होते, तीच संख्या कायम केली गेली. वरिष्ठ सभागृह नाही. संपूर्ण देश हा एकच मतदारसंघ! मतदार उमेदवाराला नव्हे, पक्षाच्या यादीला मत देतो. पक्षाच्या खुणेची अक्षरे छापलेली चिठ्ठी पाकिटात घालून तो ती पेटीत टाकतो. मतांच्या प्रमाणात जागा मिळतात आणि यादीतील क्रमाने माणसे निवडून येतात.

याचा अर्थ काय? आपल्या कोकणातून गेलेले मराठी भाषक बेने इस्रायली दिमोनासारख्या गावी राहतात. 'आमच्या भागाचा खासदार' म्हणून ज्याचे दार ठोठवावे, असा कोणी त्यांना नाही. पण त्यांचे मत, पक्ष किमान मर्यादा ओलांडत असेल तर, वायाही जात नाही. आपल्याकडे २०१४ साली ३१ टक्के मतांवर २८२ जागांचे बहुमत मिळाले. १९८४ साली सुमारे ४९ टक्के मतांवर ४०० हून अधिक जागा मिळाल्या. क्नेसेटमध्ये असे घडू शकत नाही. समाजातील प्रत्येक प्रवाह, अरब नागरिकांचे प्रतिनिधीही, पहिल्या सभागृहापासून तेथे दिसतात. आरसा म्हणून ही पद्धत निर्दोषाच्या जवळ जाते.

परंतु सरकार चालवायला ६१ जागा लागतात आणि १९४९ पासून २०२२ पर्यंतच्या एकाही निवडणुकीत एकाच यादीला तेवढ्या मिळाल्या नाहीत. १९६९ मधील ५६ हा उच्चांक! परिणामी चार-पाच जागांचा पक्षही सरकार वाकवू शकतो. एप्रिल २०१९ ते नोव्हेंबर २०२२ या काळात तेथे पाच निवडणुका झाल्या. १९९९ साली एका मताने सरकार पडलेले आपण पाहिले आहे. ती वेदना आपल्याला समजावून सांगायला नको.

उपाय झाले. १९९६ पासून पंतप्रधानाची थेट निवड सुरू झाली. मतदारांनी एक मत नेत्याला आणि दुसरे मनपसंत लहान पक्षाला दिले; मोठे पक्ष अधिकच आक्रसले. २००१ साली हा प्रयोग सोडून द्यावा लागला. किमान मतांची अट वाढत वाढत २०१४ साली ३.२५ टक्के झाली. पण २०२२ मध्ये मेरेट्झ हा पक्ष ३.१६ टक्क्यांवर अडला आणि त्याची सारी मते निष्फळ ठरली. म्हणजे आरशाचाही एक कोपरा झाकावा लागलाच!

मित्रहो, दोषरहित पद्धत कोठेही नाही. आपली पद्धत मतदाराला ओळखीचा प्रतिनिधी आणि बहुधा टिकणारे सरकार देते, मात्र त्यासाठी पराभूतांची मते बाजूला ठेवते. म्हणून जिंकलेल्या पक्षावर अधिक जबाबदारी येते. ज्यांनी मत दिले नाही, त्यांचाही तो प्रतिनिधी असतो, याचे भान त्याने राखले पाहिजे. निवडणुकीची पद्धत बदलण्याची भाषा करण्यापूर्वी हे भान आपल्यात किती आहे, ते प्रत्येकाने तपासावे.