पहिल्या क्रमांकाचा कारभारी

संगणकाची कळ दाबल्यापासून पडद्यावर चित्र उमटेपर्यंत जे क्षण जातात, ते आपणांस रिकामे वाटतात. वस्तुतः त्या अवधींत मोठी लगबग चाललेली असते. प्रथम यंत्राच्या चिपमध्यें साठविलेली लहानशी आज्ञावली जागी होऊन यंत्राचे अवयव तपासते. ती 'बूट लोडर'ला हांक मारते. तो 'कर्नल', म्हणजे व्यवस्थेचा गाभा, स्मृतींत आणून ठेवतो. आणि लिनक्ससारख्या व्यवस्थेंत हा गाभा एका प्रक्रियेस जन्म देतो. तिचा क्रमांक १. तिला आपण कारभारी म्हणूं.

आपल्या उपयोगाचीं पुढचीं सर्व कामें याच कारभाऱ्याच्या वंशांतलीं. एखाद्या कामाचा जनक आधीं संपला, तर त्या पोरक्याचें पालकत्व सामान्यतः यानेंच घ्यावयाचें. तो स्वतः कोसळला, तर गाभाहि तत्काळ थांबतो.

पडद्याआड राबणाऱ्या सेवकांना 'डीमन' म्हणतात. नांव ऐकून भिऊं नये. १९६३ च्या सुमारास अमेरिकेंतील एमआयटी संस्थेंतल्या संशोधकांनीं तें भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांच्या कल्पनेंतील, रेणू निवडीत बसणाऱ्या द्वारपालावरून घेतलें. छपाई, घड्याळ मिळविणें, जाळ्याशीं संबंध राखणें हीं त्यांचीं कामें.

या सेवकांना उठवावयाचें कसें? १९८३ च्या 'सिस्टिम फाइव्ह' युनिक्सची रीत शाळेच्या हजेरीसारखी होती : क्रमांकानें एकेकास उभें करावयाचें, पहिल्याचें आटोपेपर्यंत दुसऱ्यानें थांबावयाचें. रीत सोपी, पण संथ. शिवाय मागाहून एखादा सेवक पडला, तर बहुधा कोणी विचारीत नसे. २०१० सालीं लेनार्ट पोएटरिंग व के सीव्हर्स यांनीं 'सिस्टिमडी' पुढें आणली. कोणाचें कोणावांचून अडतें तें पाहून ती बाकीच्यांना एकदमच उठविते. सेवक तयार होण्यापूर्वीच त्याचें दार मांडून ठेवते; निरोप दाराशीं थांबतात, सेवक आला कीं ते उचलतो. ॲपलच्या 'लाँचडी'नें ही युक्ति २००५ सालींच योजिली होती. पडलेल्या सेवकास, तशी आज्ञा असल्यास, सिस्टिमडी पुन्हां उभें करिते.

मग वाद कां? नोंदवह्या, उपकरणें, वापरणाऱ्यांचा प्रवेश, सारेंच या एका कारभाराभोंवतीं गोळा होऊं लागलें. एका आज्ञावलीनें एकच काम नीट करावें, ही तर युनिक्सची जुनी शिकवण. २०१४ सालीं डेबियनच्या तांत्रिक समितींत मतें समसमान पडलीं. अध्यक्षांच्या निर्णायक मतानें सिस्टिमडी स्वीकारली गेली, आणि असंतुष्टांनीं 'डेवुआन' नांवाचा निराळा संसार थाटला.

माझ्या मतें हा वाद केवळ हट्टाचा नव्हता. वेग व देखरेख यांचा लाभ खरा. पण ज्याच्या पडण्यानें सारें घर थांबतें, त्याच्या शिरावर ओझें थोडें असावें, ही काळजीहि तितकीच खरी.

ज्यांच्या घरीं अशी व्यवस्था आहे, त्यांनीं 'सिस्टिमडी-ॲनालाइझ ब्लेम' ही आज्ञा देऊन पाहावी. कोणत्या सेवकानें उठण्यास किती वेळ घेतला, याची यादी मिळेल. मात्र कोणास रजा देण्यापूर्वीं त्याच्यावांचून आणखी कोणाचें अडतें, तें आधीं पाहावें.