ठेका दिला म्हणून जबाबदारी सुटत नाही
(शाखा पदाधिकाऱ्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



आज आम्ही तुमच्यापुढे एका अमेरिकन कपडे कंपनीची हकीकत मांडणार आहोत. रेल्वे आणि टपालाच्या कामगारांना परदेशी जाकिटांशी काय देणेघेणे, असे कोणाला वाटेल. पण आपल्या स्टेशनवर झाडू मारणारा, गाडीचे डबे धुणारा, टपालाच्या थैल्या वाहणारा माणूस आज ठेकेदाराचा आहे. म्हणून ठेका देणारा मोठा मालक कसा विचार करतो, हे आपण समजून घेतले पाहिजे.

या कंपनीचे नाव पॅटागोनिया. कॅलिफोर्नियातील व्हेंचुरा गावी १९७३ साली ती निघाली. संस्थापक यव्हॉन शुइनार्ड हे मूळचे गिर्यारोहक. लोहारकाम शिकून कड्यात ठोकायच्या मेखा ते स्वतः घडवून विकत. पुढे डोंगरात, पावसात, थंडीत घालायचे कपडे त्यांची कंपनी विकू लागली. आता लक्षात घ्या, जगभर माल विकणाऱ्या या कंपनीचा कपडे शिवण्याचा स्वतःचा कारखाना नाही. नमुना कंपनीचा, नाव कंपनीचे. शिवण दुसऱ्याची, कापड तिसऱ्याचे, धागा चौथ्याचा. अशी ही उतरंड आहे.

मालकाला यात फायदा उघड आहे. यंत्रांत भांडवल अडकत नाही आणि मागणी घटली तर ऑर्डर थांबवता येते. पण धोकेही आहेत. माल वेळेवर आला नाही तर थंडीचा हंगाम जातो. एका गिरणीचे कापड बिघडले तर दहा ठिकाणची शिलाई अडते. आणि खालच्या पायरीवर कामगाराचे हाल झाले तर बदनामी वरच्या नावाची होते. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात सावर येथे राणा प्लाझा इमारत कोसळली आणि ११०० हून अधिक कामगार मेले. ढिगाऱ्यात सापडली ती मोठमोठ्या परदेशी कंपन्यांच्या नावाची लेबले. त्यानंतर जागतिक कामगार महासंघ आणि कंपन्या यांच्यात इमारत व आगीपासूनच्या सुरक्षेचा बंधनकारक करार झाला. कामगार मेल्यावर झाला, हे विसरू नका.

पॅटागोनियाने धोका सांभाळण्यासाठी काय केले? नवा कारखाना घेताना केवळ भाव आणि दर्जा पाहायचा नाही, असा नियम केला. कामगारांची स्थिती तपासणाऱ्या विभागाने नकार दिला तर खरेदी विभागाला तो कारखाना घेता येत नाही. पुरवठादार कारखान्यांची यादी कंपनी जाहीर करते. ही गोष्ट मोठी आहे, कारण यादी उघड असली की युनियनला कुणाच्या दारात उभे राहायचे ते कळते.

तरीही घात झालाच. शिलाईचे कारखाने तपासले जात होते, पण कापडाच्या गिरण्या म्हणजे खालची पायरी अंधारात होती. २०११ च्या सुमारास कंपनीने तिकडे कंदील नेला, तेव्हा तैवानमध्ये भयंकर प्रकार दिसला. व्हिएतनाम, थायलंड, फिलिपाईन्स, इंडोनेशिया येथून आलेल्या मजुरांनी नोकरीसाठी दलालांना ७,००० डॉलरपर्यंत पैसे दिले होते. कर्ज काढून आलेला माणूस, त्याचा पासपोर्ट दुसऱ्याच्या कपाटात. असा माणूस काम सोडणार कसा आणि तोंड उघडणार कसा? आपल्याकडे याला वेठबिगारी म्हणतात.

कंपनीला दोन वाटा होत्या. गिरण्या सोडून द्यायच्या आणि हात झटकायचे, ही एक. पण तसे केले असते तर कर्जबाजारी मजूर तिथेच राहिला असता. कंपनीने दुसरी वाट धरली. नियम ठरवले की, १ जून २०१५ पासून नव्याने भरती होणाऱ्या मजुराकडून भरतीचा एक पैसा घ्यायचा नाही, तो खर्च कारखान्याने सोसायचा. आधीच्या मजुरांकडून कायद्यापेक्षा जास्त घेतलेले पैसे परत करायचे. पासपोर्ट मजुराच्याच हाती राहील.

भारताचाही यात संबंध आहे. २०१४ साली या कंपनीने कपड्यामागे थोडी जादा रक्कम कामगारांच्या खात्यात देण्याची योजना मध्य प्रदेशातील प्रतिभा सिंटेक्स या पुरवठादारापासून सुरू केली. ती रक्कम कशावर खर्चायची हे कामगारांची समिती ठरवते.

आता आमचे मत स्पष्ट सांगतो. हे सगळे चांगले आहे, पण पुरेसे नाही. जादा रक्कम म्हणजे पगारवाढ नव्हे आणि समिती म्हणजे युनियन नव्हे. सगळ्या कारखान्यांत जगण्यापुरते वेतन मिळते, असा दावा ही कंपनी स्वतःही करत नाही. तपासनीस वर्षातून एखाददुसरा दिवस येतो; युनियनचा माणूस रोज पाळीवर असतो. शिवाय मालकाची मर्जी फिरली की काय होते ते २०२० साली दिसले. करोना आला आणि अनेक परदेशी कंपन्यांनी बांगलादेशातल्या सुमारे ३ अब्ज डॉलरच्या ऑर्डरी रद्द केल्या किंवा लांबणीवर टाकल्या. धोका वरून खाली ढकलला गेला आणि शेवटच्या पायरीवरच्या बाईच्या चुलीवर पडला.

पण यातून एक मुद्दा आपल्या हाती येतो. ज्या कंपनीचा तैवानच्या गिरणीशी मालकीचा संबंध नाही, ती दोन पायऱ्या खालच्या मजुराची जबाबदारी मान्य करते. मग आपल्या स्टेशनवरच्या सफाई कामगाराविषयी "तो ठेकेदाराचा माणूस" हे उत्तर साहेबांच्या तोंडून आपण का ऐकून घ्यावे? ठेकेदाराने पगार दिला नाही तर तो मूळ मालकाने द्यावा, ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रम संहितेतही ती आहे. एका जंक्शनवर ठेकेदाराने सफाईवाल्यांचा पगार थकवला, तेव्हा आम्ही हेच कलम पुढे ठेवून बसलो आणि पैसे निघाले.

तेव्हा प्रत्येक शाखेने तीन कामे करावीत. आपल्या हद्दीत कोणकोणते ठेके आहेत, पोटठेके कोणाचे आहेत, याची यादी करा. मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात मागा. पगार किती लिहिला आणि हातात किती पडला, भविष्य निर्वाह निधी भरला का, कामासाठी मुकादमाने पैसे घेतले का, हे कामगारालाच विचारा. तेही मुकादम नसताना. आणि त्याला सभासद करून घ्या.

कायम कामगारांपैकी काहीजण म्हणतात, "त्यांचे ओझे आपण कशाला घ्यायचे?" आमचे उत्तर असे की, ठेक्याचा माणूस जितका स्वस्त आणि मुका, तितकी आपली रिकामी जागा भरली जाण्याची शक्यता कमी. त्याची लढाई ही आपलीच लढाई आहे. उद्या सकाळी ड्युटीवर जाल तेव्हा फलाटावर झाडू मारणाऱ्या बाईला आधी नाव विचारा, मग पगार विचारा. सुरुवात तिथून होईल.

कामगार एकजुटीचा विजय असो!