पुणेरी पलटण आणि यू मुंबा : उद्याचा डाव कोणाचा?



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी ‘कबड्डी’ असे एका शब्दात उत्तर दिले. त्यांना जरा संकोच वाटलेला दिसला. ज्या व्यासपीठावरून संतवाङ्मयाची आणि अर्थकारणाची चर्चा होते, तेथून हुतूतूच्या दोन संघांवर तासभर बोलावयाचे, हे त्यांना चमत्कारिक वाटले असल्यास त्यांचा दोष नाही. पण हा विषय मी हौसेखातर निवडलेला नाही. मागे एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. जमीन पाच एकर, तीही कोरडवाहू. मुलगा सतरा वर्षांचा, अंगाने काटक, चढाईत पटाईत. ते म्हणाले, “गुरुजी, पोट्टं ऐकत नाही. कबड्डीच खेळतो म्हणते. धाडतोच तर कुठं धाडू? पुण्याला का मुंबईला?” त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. ते उत्तर शोधताना जे वाचले आणि पाहिले, ते आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम एक गोष्ट सांगितली पाहिजे. हा खेळ पुण्या-मुंबईचा आणि आपण नुसते प्रेक्षक, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. १९१४ साली अमरावतीस स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीस गेले आणि तेथे त्याने आपले देशी खेळ करून दाखविले. त्यांत हुतूतू होता. म्हणजे साहेबाच्या मुलखाने हा खेळ पाहिला तो वऱ्हाडच्या पोरांच्या पायांनी! पुढे १९५० साली अखिल भारतीय संघटना झाली, शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांच्यासारख्यांनी या खेळासाठी आयुष्य वेचले, १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला स्थान मिळाले. हा इतिहास येथे पुष्कळांना ठाऊक आहे. त्यात अधिक शिरत नाही.

२०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि या खेळात पैसा आला. आठ संघ होते. त्यांपैकी दोन महाराष्ट्राचे, मुंबईचा ‘यू मुंबा’ आणि पुण्याची ‘पुणेरी पलटण’. पुणे आणि मुंबई यांची चुरस पेशव्यांइतकी नाही तरी निदान आगगाडीइतकी जुनी आहे. तेव्हा या दोन संघांचा सामना म्हटला की महाराष्ट्रात दोन तट पडतात, आपल्याकडेही पडतात. गंमत अशी की आपल्यापैकी अनेकांचा पुण्याशी वा मुंबईशी मुलाच्या नोकरीपलीकडे काही संबंध नसतो!

पहिली तीन वर्षे निर्विवादपणे मुंबईची होती. अनुप कुमार हा शांत डोक्याचा कर्णधार. समोरचे सातजण खवळलेले असावेत आणि याने जणू अंगणात शतपावली करावी, तशी त्याची चढाई. पहिल्या हंगामात मुंबई अंतिम सामन्यात जयपूरकडून ३५–२४ अशी हरली; २०१५ मध्ये बेंगळुरूला ३६–३० असे नमवून तिने विजेतेपद घेतले; २०१६ च्या आरंभी झालेल्या तिसऱ्या हंगामात ती पुन्हा अंतिम सामन्यात होती आणि पाटण्याकडून ३१–२८ अशी, म्हणजे तीन गुणांनी, हरली. तीन हंगामांत तीन अंतिम सामने! आणि पुण्याचे काय? पहिल्या दोन्ही हंगामांत पुणे सर्वांत तळाशी. तिसऱ्या-चौथ्या हंगामांत तिसरा क्रमांक मिळाला, एवढेच समाधान.

त्या दिवशी कोणी मला विचारले असते की पुढील दहा वर्षे कोणाची, तर मी डोळे मिटून मुंबईचे नाव घेतले असते आणि सपशेल चुकलो असतो. कारण २०२५ पर्यंतच्या बारा हंगामांत त्यानंतर मुंबई एकदाही अंतिम सामन्यात पोहोचली नाही. पुणे मात्र २०२२ मध्ये पोहोचले आणि जयपूरकडून ३३–२९ असे हरले. मार्च २०२४ मध्ये हैदराबादेत हरियाणाला २८–२५ असे हरवून विजेते झाले. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा अंतिम सामन्यात येऊन दिल्लीकडून ३१–२८ असे पराभूत झाले. चार हंगामांत तीन वेळा. फासे असे उलटे कसे पडले?

माझ्या मते याचे मूळ लिलावात आहे. कापसाचा लिलाव आपण जन्मभर पाहिला आहे. माणसांचा लिलाव ऐकताना प्रथम कानाला बरे वाटत नाही, पण व्यवहार तोच आहे. प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा असते. दहाव्या हंगामाच्या वेळी ती पाच कोटी रुपये होती. श्रीमंत मालक असला म्हणून त्याला जास्त ओतता येत नाही. तेव्हा खरा प्रश्न पैसा किती हा नसून तो कोठे अडकतो हा आहे. नामांकित गडी घ्यावा तर थैलीचा मोठा भाग त्याच्यावरच संपतो आणि उरलेल्या सहा जागा स्वस्तात भराव्या लागतात. बरे, हा नामांकित गडी पुढील लिलावात राहीलच असे नाही. मुंबईने २०१८ मध्ये आपल्या चंदगडकडचा सिद्धार्थ देसाई खेळविला. काय त्या चढाया! एका हंगामात त्याचे नाव झाले आणि पुढच्याच लिलावात तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाख रुपयांना उचलले. रान मुंबईने नांगरले आणि पीक दुसऱ्याच्या खळ्यावर गेले.

पुण्याने याच्या उलट वाट धरली. लिलावाबाहेरून कोवळ्या वयाचे खेळाडू घेण्याची जी सोय नियमांत आहे, तिचा त्यांनी मनापासून उपयोग केला. ‘युवा पलटण’ या नावाने पोरे घडविली. नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, नाशिककडचा आकाश शिंदे, हरियाणाचे मोहित गोयत आणि गौरव खत्री. यांतले अस्लम व आकाश २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत इराणला ३३–२९ असे हरवून सुवर्णपदक आणणाऱ्या भारतीय संघात होते. आपले आजे सरकी राखून ठेवीत, आणि वेळेवर बियाण्यासाठी सावकाराचे दार ठोठवावे लागत नसे; तशातली ही गोष्ट. आता घरचे बियाणे असले की हातात चार पैसे उरतात. त्या पैशांतून पुण्याने दहाव्या हंगामात इराणचा महंमदरझा शादलुई २ कोटी ३५ लाखांना घेतला. पाच कोटींतले जवळजवळ निम्मे एका माणसावर! घरची पोरे स्वस्तात नसती, तर हा सौदा म्हणजे शुद्ध आत्मघात ठरला असता. ती होती, म्हणून विजेतेपद आले.

येथे कोणी म्हणेल, मग ते यश शादलुईचे, पोरांचे कसले? आक्षेप बिनतोड वाटतो. कारण पुढच्या, अकराव्या हंगामात शादलुई हरियाणाकडे गेला आणि हरियाणा विजेते झाले. इकडे पुणे बाद फेरीतही नव्हते. मुंबई मात्र त्या वर्षी बाद फेरीत होती. त्या हिवाळ्यात मी स्वतः माझे मत बदलण्याच्या बेतात होतो. परंतु बारावा हंगाम आला, शादलुई नाही, प्रशिक्षक नवा म्हणजे अजय ठाकूर, आणि पुणे साखळीत अग्रभागी राहून अंतिम सामन्यापर्यंत गेले. शेवटच्या सामन्यात चढाईचा भार उचलला तो आदित्य शिंदे नावाच्या नवख्या पोराने. अकराव्या वर्षी अस्लम दुखापतीने बाहेर होता, हेही विसरू नये. तेव्हा शादलुईने शिखर चढविले हे खरे. पण पायथा पोरांचा होता.

पुण्याला हा धडा कोणी शिकविला, याचा विचार करताना एक मौज दिसते. सातव्या-आठव्या हंगामांत, जेव्हा ही पोरे पुण्याच्या अंगणात येऊ लागली, तेव्हा तेथे प्रशिक्षक कोण होते? मुंबईला वैभव दाखविणारे तेच अनुप कुमार! आणि फझल अत्राचली पाहा. २०१५ च्या मुंबईच्या विजयी संघात तो होता, पुढे मुंबईचा कर्णधार झाला, २०२२ मध्ये पुण्याचा कर्णधार म्हणून अंतिम सामना हरला आणि २०२५ मध्ये दिल्लीकडून खेळत त्याने पुण्यालाच हरविले. तट आपण पाडावेत. खेळाडूंना तट नसतात.

मुंबईवर अन्याय मात्र होऊ नये. अलीकडे तिनेही शहाणपण दाखविले आहे. अकराव्या हंगामासाठी सुनील कुमार या मध्यरक्षकाला १ कोटी १ लाख ५० हजार देऊन तिने बचावाचा खांब रोवला आणि चढाईला अजित चौहानसारखा नवा पोरगा पुढे केला. त्या वर्षी मुंबईचे सर्वाधिक गुण त्यानेच मिळविले. पकडीवर पैसा आणि चढाईवर तारुण्य, हे गणित मला पुण्याच्या गणिताहून फार निराळे वाटत नाही. ते चार-पाच वर्षे टिकविण्याची चिकाटी मुंबईकडे आहे का, एवढाच प्रश्न आहे. दर दोन हंगामांनी घर पाडून बांधण्याची खोड गेली, तर पुण्याची झोप उडेल. तूर्त माझे माप पुण्याच्या पारड्यात आहे, पण तसूभरच. आणि ते पारडे अस्लमच्या गुडघ्यावर तोललेले आहे, हे पुणेकरांनीही ध्यानात धरावे.

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे वळतो, कारण माझा खरा जीव तेथे अडकला आहे. ‘पुणेरी’ आणि ‘मुंबा’ या नावांवर जाऊ नका. या संघांवर मराठी मुलगा घेण्याचे बंधन नाही. हरियाणाची पोरे दोन्हीकडे भरपूर आहेत आणि ती गुणांवर आलेली आहेत. इतकेच काय, २०२५ चा हंगाम विशाखापट्टण, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली या चार शहरांत झाला. पुण्याला पुण्यात आणि मुंबईला मुंबईत एकही सामना खेळावयास मिळाला नाही! जे आपल्याच गावी पाहुणे आहेत, ते यवतमाळ जिल्ह्याच्या मुलासाठी दार उघडून बसतील, ही आशा करू नये.

आणि आपल्या घरची तयारी? खेळ मॅटवर गेला, आपली मुले मातीवर. मातीत अनवाणी पायाने जी वळणे सहज जमतात, ती बूट घालून रबरावर घेताना घोटा मुरगळतो. तीस सेकंदांत चढाई आटोपावयाची, दोन चढाया कोऱ्या गेल्या तर तिसरीत गुण आणावयाचा किंवा बाद व्हावयाचे. हे अंगवळणी पडावयास वर्षे लागतात आणि सतराव्या वर्षी आरंभ करणे म्हणजे उशीरच. राष्ट्रीय स्पर्धेत विदर्भाचा संघ महाराष्ट्राहून वेगळा उतरतो, ही आपल्या मुलांच्या दृष्टीने मोठी सोय आहे. निवड करणाऱ्यांच्या नजरेस पडण्याची बारा जागा असलेली खिडकी आपल्यासाठी स्वतंत्र उघडी आहे. तिच्यापर्यंत पोहोचण्याइतका सराव तालुक्याच्या ठिकाणी व्हावा, एवढे आपल्या हाती आहे. मुलींची स्थिती तर याहून बिकट. २०१६ मध्ये याच लीगने तीन संघांची महिला स्पर्धा घेतली आणि ती पुढे चालविली नाही; पुण्या-मुंबईच्या तुलनेचा प्रश्न त्यांच्या वाट्याला अजून आलेलाच नाही.

त्या गृहस्थांना मी शेवटी असे सांगितले की मुलाला दोन्हीकडे धाडू नका. बारावी होऊ द्या. वर्षभर अमरावतीला ठेवा, मॅटवर पाय बसू द्या, विदर्भाच्या निवडीला उभा करा. नाव झाले तर पुणे काय आणि मुंबई काय, दोघेही लिलावाच्या दिवशी त्याला शोधत येतील. न झाले तर खेळाडूंच्या राखीव जागेवर पोलिसात वा अन्यत्र अर्ज करता येईल. त्यांना हे पटले. मुलाला पटलेले नाही. तो पुणेरी पलटणीचा आहे आणि आज या सभेत मागच्या रांगेत बसला आहे. प्रश्नोत्तरांच्या वेळी तो मला धरणार, हे मला दिसते आहे.